टाचेकडून चवड्याकडे

निवेदिता कदमच्या लक्षात माणसांचे चेहरे राहत नसत, चाल राहायची. महाराज बाड्याच्या चौकात ऐन सणाच्या गर्दीतसुद्धा पुढे चाललेल्या बाईची पाठ बघून ती सांगायची, "ही आपल्या शाळेतली. डावा पाय बाहेर टाकते." हाक मारली की ती बाई खरोखरच जुनी विद्यार्थिनी निघायची, आणि मग निवेदिताला तिचं नाव आठवायचं नाही.

हिंदी मुलखातल्या त्या शहरात, लश्कर नावाच्या भागातल्या एका मुलींच्या शाळेत ती खेळ शिकवत होती. वय पंचेचाळिशीच्या पुढे, अंग शिडशिडीत, केस आखूड. लग्न केलं नव्हतं. दर्पण कॉलनीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. थोरले भाऊ जगदेवराव नया बाजारात राहत. त्यांच्याकडे रविवारी जेवायला जायचं, ही वर्षानुवर्षांची रीत. थंडी पडली की तिचा उजवा पाय किंचित ओढल्यासारखा पडे. विचारलं तर "जुनं आहे" एवढंच सांगायची.

ते जुनं म्हणजे असं होतं. कॉलेजात असताना निवेदिता लांब पल्ल्याची धावपटू होती. घरात तिच्या लांब टांगेचं फार कौतुक. "आमच्या घराण्यात घोडदळ होतं, ते हिच्या पायात उतरलंय," असं वडील आल्यागेल्याला सांगत. टांग लांब पडायची, पाय शरीराच्या पुष्कळ पुढे जायचा आणि टाच धाडदिशी जमिनीवर आदळायची. राज्य स्पर्धेच्या आधी महिनाभर तिची नडगी दुखत होती. प्रशिक्षक म्हणाले, सहन करायला शीक. घरचे म्हणाले, एवढी तयारी केलीस, आता काय मागे फिरायचं. ती धावली. शेवटच्या फेरीत वळणावर नडगीचं हाड मोडलं. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि तो तिच्या मागून येणाऱ्या मुलीनंसुद्धा ऐकला. पायात सळई बसली. चालणं परत आलं, धावणं गेलं.

हे असं का झालं, हे तिला कुणी सांगितलं नाही. नशीब, म्हणाले. बऱ्याच वर्षांनी खेळशिक्षकांच्या एका शिबिरात एका तरुण प्रशिक्षकानं पडद्यावर धावणाऱ्या माणसाचं चित्रीकरण अगदी संथ करून दाखवलं. टाच टेकली त्या क्षणी पोटरी थरथरली, गुडघा हादरला, झटका मांडीपर्यंत चढत गेलेला दिसला. प्रशिक्षक सांगत होता की धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. पाय पुढे टाकून टाचेवर उतरलं, तर तो एका दणक्यात वर चढतो. निवेदिता पहिल्या रांगेत बसली होती. पडद्यावरची नडगी तिला आपलीच वाटली. डोळे भरून आले म्हणून ती पाणी प्यायच्या निमित्तानं उठून बाहेर गेली.

त्या दिवसापासून टाच तिची वैरीण झाली.

शाळेच्या मैदानावर सकाळी ती भरतीच्या मुलींकडून तयारी करून घेत असे. पोलीस, सैन्य, जिथे धावण्याची परीक्षा असेल तिथल्या मुली यायच्या. मैदान उन्हाळ्यात दगडासारखं टणक व्हायचं. मुली धावू लागल्या की निवेदिता कडेला उभी राहून एकच ओरडायची, "एड़ी नहीं. एड़ी नहीं." टाच नको, चवड्यावर उतरा, म्हणायची. बहुतेकींना ते मानवलं, काहींच्या पोटऱ्या धरल्या, काही जणी चार दिवसांनी येईनाशा झाल्या. न येणाऱ्यांचं काय झालं, हे तिनं कधी विचारलं नाही.

जगदेवरावांची धाकटी मुलगी सोनिका बी.ए. होऊन पोलीस भरतीची तयारी करत होती. लेखी परीक्षेत ती पास झाली आणि शारीरिक परीक्षेला दोनेक महिने राहिले, तेव्हा मंदाताईंनी, म्हणजे तिच्या आईनं, नणंदेला फोन केला.

"वन्सं, आता तुमच्या हाती देते पोरीला. घरात एवढी खेळाची बाई असताना बाहेर कशाला विचारायचं?"

दुसऱ्या दिवशी सोनिका मैदानावर आली. गोलसर चेहरा, भक्कम खांदे, तोंडात सतत अर्धं हिंदी. तिनं दोन फेऱ्या मारल्या. निवेदिताला आपलीच जुनी टांग दिसली. तसाच पुढे फेकलेला पाय, तशीच आदळणारी टाच. वेळ उत्तम होती. सोनिका दमलीही नव्हती.

"आत्या, कैसा था?"

"कुठे दुखतं का तुला? नडगी, गुडघा?"

"नाही तर. कुछ नहीं दुखता."

"दुखेल," निवेदिता म्हणाली. "असं धावलीस तर दुखेल. टाच बंद कर. आजपासून चवड्यावर."

सोनिका जरा घुटमळली. "आता बदलायचं? टेस्ट तो सर पे है."

"म्हणूनच."

त्या मुलीला काही झालेलं नव्हतं. तिचं शरीर वर्षानुवर्षं तसंच धावत आलेलं होतं आणि कुरकुर न करता धावत होतं. निवेदिताला ते कळत नव्हतं असं नाही. पण समोर तिला आपली भाची दिसतच नव्हती. वीस वर्षांची, सळई बसण्याआधीची निवेदिता दिसत होती, आणि त्या पोरीला वाचवायची संधी हाती आली होती.

सोनिका हट्टी होती आणि आत्यावर तिचा विश्वास होता. नडगी मोडतानाच्या त्या आवाजाबद्दल निवेदितानं फक्त तिलाच सांगितलं होतं. सांगितलं तसं ती करू लागली. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या इतक्या दुखल्या की जिना उतरताना ती कठड्याला धरून आडवी उतरायची. निवेदिता म्हणाली, होणारच, नवे स्नायू जागे होताहेत. दुसऱ्या आठवड्यात टाचेच्या वरची शीर सुजली. निवेदितानं बर्फ लावायला सांगितलं आणि अंतर तेवढंच ठेवलं. परीक्षा जवळ येत होती, कमी करून भागणार नव्हतं. मग पोटऱ्या सरावल्या, सोनिकाचा पाय हलका पडू लागला, धप् धप् आवाज गेला. ती धावताना जणू जमिनीला बोटं लावून पुढे जात होती. निवेदिताला इतकं समाधान पुष्कळ वर्षांत झालं नव्हतं. रविवारी जेवताना ती भावाला म्हणाली, "पोरगी आता सुरक्षित धावते."

परीक्षेच्या आठ-दहा दिवस आधी सोनिका मैदानावर आली ती बूट सैल बांधून. निवेदितानं तिची चाल फाटकातूनच पाहिली. डावं पाऊल ती बाहेरच्या कडेवर टाकत होती.

"बूट काढ."

"कुछ नहीं आत्या, थोडा सा..."

"काढ म्हणते ना."

पाऊल वरच्या बाजूनं किंचित फुगलेलं होतं. निवेदितानं अंगठ्यानं दाबत दाबत हाड चाचपलं. मधल्या बोटामागच्या हाडावर एका जागी अंगठा आला आणि सोनिकानं पाय झटकन ओढून घेतला. निवेदितानं तिला त्या एका पायावर उडी मारायला सांगितलं. सोनिका उभी राहिली, गुडघा वाकवला, पण उडी मारलीच नाही. 

 असं एका बोटाएवढ्या जागेत दुखणं म्हणजे काय, हे निवेदिताला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याच दिवशी मंदाताई मुलीला हाडाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. एक्स-रे निघाला. साफ होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चार दिवस आराम सांगितला. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. निवेदिताचा पडला नाही. ती सोनिकाला आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे घेऊन गेली. अपर्णा फिजिओथेरपिस्ट होती, तिचा छोटा दवाखाना होता. तिनं पाऊल तपासलं, सोनिकाला थोडं चालवलं, आणि मग तिला बाहेर बसायला सांगून दार लोटलं.

"मॅडम, हाडाला बारीक तडा असणार. अशा तड्याचा सुरुवातीला एक्स-रेत पत्ता लागत नाही. एमआरआय करा. आणि तोपर्यंत पळायचं नाव नको."

"चवड्यावर धावत होती ती," निवेदिता म्हणाली. "टाच एकदासुद्धा टेकत नव्हती. मी रोज बघत होते."

 अपर्णा हळूच म्हणाली, "म्हणूनच झालंय, मॅडम. टाचेवर उतरलं की भार नडगीवर, गुडघ्यावर जास्त येतो. चवड्यावर उतरलं की तो पोटरीवर, टाचेच्या शिरेवर, पावलाच्या या बारीक हाडांवर येतो. गुडघ्याला आराम मिळतो, खरंय. पण भार कुठे जात नाही, नुसती जागा बदलतो. नव्या जागेला तो पेलायची सवय व्हायला महिनोन्महिने लागतात. हिला तुम्ही किती दिले?"

निवेदितानं बोटांवर आठवडे मोजले, दोन महिनेसुद्धा भरत नव्हते.

"हिला आधी काही दुखत होतं का?"

"नाही."

"मग बदललं कशाला?"

अपर्णानं विचारलं ते दोष द्यायला नव्हे, तपासणीचा भाग म्हणून.  अपर्णा सांगत होती की फार तर पावलं थोडी आखूड करायची होती, म्हणजे पाय शरीराच्या खाली पडला असता. तेवढ्यानंही झटका उतरतो, टाच टेकली तरी चालतं. निवेदिता ऐकत होती, पण तिच्या मनात येईनाशा झालेल्या त्या मुली एकेक करून येत होत्या. त्यांच्या चाली तिला अजून आठवत होत्या.

संध्याकाळी ती नया बाजारात गेली. जगदेवराव दुकानातून नुकतेच आले होते, मंदाताई चहा करत होत्या, सोनिका पाय उशीवर ठेवून बसली होती. निवेदितानं उभ्याउभ्याच सांगितलं.

"दादा, हिला पळू देऊ नका. हाडाला तडा आहे. आणि तो माझ्यामुळे आहे. तिची धावण्याची पद्धत मी बदलली, फार घाईनं बदलली."

जगदेवरावांनी बायकोकडे पाहिलं. मंदाताई गाळणं हातात घेऊन दारात आल्या.

"डॉक्टरांनी साफ सांगितलंय. फोटोत काही नाही."

"वहिनी, फोटोत दिसत नाही सुरुवातीला. एमआरआय करू या, उद्याच."

"आणि त्यात निघालं तर? परीक्षा गेली ना. पुढची भरती कधी निघेल, कोण सांगणार? दोन वर्षं घासलीय पोरगी." मंदाताईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "वन्सं, तुमचा पाय मोडला, त्याचं आम्हाला आजही वाईट वाटतं. पण तुमचा मोडला म्हणून हिचाही मोडेल, हे तुमच्या डोक्यातून जात नाही. आधी त्याच भीतीनं तिला बदललंत. आता त्याच भीतीनं घरी बसवताय."

त्यातलं निम्मं खरं होतं, हे निवेदितालाही कळत होतं.

"सोनू, तू काय म्हणतेस?" जगदेवरावांनी विचारलं.

सोनिकानं मान वर केली नाही. "मैं दौड़ूँगी, पापा. आत्यासुद्धा धावल्या होत्या ना."

परीक्षेच्या दिवशी निवेदिता मैदानाच्या कुंपणाबाहेर उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. आत छातीवर क्रमांक लावलेल्या मुलींच्या रांगा होत्या, बाहेर आईबाप, मोटरसायकली, बेडई पुरी आणि जलेबीची गाडी. मंदाताई थोड्या अंतरावर पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि जागा सोडली नाही.

सोनिकाची तुकडी सुटली. आठशे मीटर, दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत ती पुढच्या घोळक्यात होती. निवेदिताच्या लक्षात आलं की ती पुन्हा टाचेवर धावते आहे. जुनी, स्वतःची चाल. गोळी घेतली होती, पाय अजून ऐकत होता. दुसऱ्या फेरीच्या वळणावर डावं पाऊल बाहेर झुकलं. मग उजवा खांदा पडला. मागच्या दोघी पुढे निघून गेल्या. निवेदितानं कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरली. ओरडावं असं तिला वाटलं, पण थांब म्हणायचं की पळ म्हणायचं, हे ठरेना.

शेवटची सरळ पट्टी समोर होती. तिथे सोनिका थांबली. पडली नाही, लंगडली नाही, नुसती थांबली, आणि मग कडेला चालत जाऊन गवतावर बसली. शिट्टी घेतलेला हवालदार तिच्याजवळ गेला, काहीतरी बोलला, तिनं मान हलवली.

बाहेर आल्यावर ती आईजवळ गेली नाही, आत्याजवळ आली. चेहरा कोरडा होता.

"तुम्ही सांगितला होता ना, तो आवाज," ती म्हणाली. "माझा आला नाही. पण मला वाटलं, बस, अब आएगा."

"बरं केलंस," निवेदिता म्हणाली.

"बरं नाही केलं. आपने बिगाड़ दिया, आत्या. मी छान धावत होते."

एवढं बोलून ती आईच्या हाताला धरून प्रवासी टेंपोत बसली. निवेदिता चालत घरी आली.

एमआरआयमध्ये तडा निघाला. हाड सरकलं नव्हतं. उरलेला पल्ला धावली असती तर दुभंगलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. जगदेवरावांनी हे बहिणीला फोनवर कळवलं आणि वर म्हणाले, "तुझं बरोबर होतं." निवेदिताला वाटलं, याच्याऐवजी त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर फोन ठेवणं सोपं गेलं असतं.

रविवारचं जेवण बंद झालं. तसं कुणी म्हटलं नव्हतं. पहिल्या रविवारी मंदाताईंचं डोकं दुखत होतं, दुसऱ्या रविवारी निवेदितानंच शाळेचं निमित्त सांगितलं, तिसऱ्या रविवारी कुणी फोनच केला नाही. सकाळचा वर्ग तिनं बंद केला. मुली फाटकाशी येऊन परत जायच्या. शाळेत ती खो-खो आणि कवायत घेई, पण धावण्याचा तास आला की कडेला उभी राहून तोंड मिटून बघायची. कुणाचा गुडघा आत वळे, कुणाची टाच आपटे. आधी तिला ते चुकीचं दिसायचं. आता प्रत्येकीकडे बघून पहिला विचार हाच यायचा की ही अशी धावते ते हिच्या शरीराचं काही कारण असेल, आणि ते कारण आपल्याला ठाऊक नाही.

ती अपर्णाकडे जाऊ लागली, संध्याकाळी, शिकायला. अपर्णानं तिला काय बघायचं ते दाखवलं. दुखत नसेल तर हात लावायचा नाही. दुखत असेल तर एकच गोष्ट बदलायची, तीही थोडी, आणि बदलताना अंतर कमी करायचं. निवेदिताला हे सगळं इतकं साधं वाटायचं की राग यायचा. एवढं साधं असून आपल्याला कळलं नाही, याचा तो राग होता. वर्षभरानं तिनं वर्ग पुन्हा सुरू केला. मुली थोड्या आल्या. कुठे काही दुखतंय का, हे ती रोज विचारायची. "मॅडम तो डॉक्टर हो गईं," मुली आपसांत म्हणायच्या.

पोलिसांची पुढची भरती लवकर निघाली नाही. वनरक्षकांची निघाली. त्या परीक्षेत धावायचं नसतं, मैलोन्मैल चालायचं असतं. सोनिकानं तो अर्ज भरला. हे निवेदिताला भावाकडून कळलं. धावणारी पोरगी चालायची परीक्षा देते आहे, हे ऐकून ती बराच वेळ स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. सोनिका निवडली गेली. श्योपूरकडच्या जंगलात नेमणूक झाली. पेढे घेऊन जगदेवराव स्वतः आले. मंदाताई आल्या नाहीत, पण डब्यात त्यांच्या हातचे अनारसे होते.

दिवाळीला सोनिका रजेवर आली तेव्हा एका सकाळी ती शाळेच्या मैदानावर उभी दिसली. काळवंडली होती, पायांत जाड बूट होते. वर्ग संपून मुली चालल्या होत्या. निवेदिता तिच्याजवळ गेली आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाली, "पाऊल कसं आहे?"

"ठीक आहे. थंडीत दुखतं थोडं." सोनिकानं पिशवीतून हलके बूट काढले. "तिथे पळायला होत नाही. इथे मारते दोन चक्कर."

ती धावू लागली. निवेदिता कडेला उभी राहिली. सोनिका टाचेवरच उतरत होती, पण पहिल्यासारखी नव्हे. डाव्या पायाला ती सांभाळत होती. त्यामुळे उजवी टांग लांब पडत होती आणि सगळा दणका उजव्या गुडघ्यावर जात होता. हे निवेदिताला पहिल्या पन्नास पावलांत दिसलं. तिनं हाताची घडी घातली. दुसरी फेरी झाली, तरी ती काही बोलली नाही.

सोनिका धापा टाकत समोर आली. "बोलत का नाही? काहीतरी दिसलंय तुम्हाला. चेहऱ्यावर दिसतंय."

"तुझा उजवा गुडघा दुखतो का?"

 सोनिकानं वाकून बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. "दुखतो. दोन महिने झाले. आईला नाही सांगितलं."

"कसं धावायचं ते मी सांगत नाही," निवेदिता म्हणाली. "अपर्णाकडे जाऊ."

"तिच्याकडे जाऊच. पण तुम्ही काय बघितलं?"

 निवेदिताला वाटलं, आपण एक शब्द बोलू आणि तो या मुलीच्या हाडांत जाऊन बसेल. समोर सोनिका वाट बघत उभी होती. रुसवा गेला होता की नाही, ते तिच्या डोळ्यांवरून कळत नव्हतं.

"उजवं पाऊल थोडं आखूड टाकून बघ," अखेर ती म्हणाली. "अगदी थोडं. आणि अर्धीच फेरी. जरा जरी वेगळं वाटलं, तरी थांबायचं."

सोनिका मान डोलावून निघाली. निवेदिताही तिच्या मागोमाग आतल्या बाजूनं भराभर चालू लागली, दर थोड्या पावलांनी विचारत, "दुखतंय का? आता दुखतंय का?"